आप्पांचं करेक्ट

पक्षाघातानंतर पाचव्या दिवशी आप्पांच्या तोंडून पहिला शब्द आला. तो 'करेक्ट' होता. लातूरच्या रुग्णालयात सकाळच्या फेरीला आलेल्या डॉक्टरांनी वडिलांना त्यांचं नाव विचारलं होतं. आप्पांनी ओठ हलवले, डाव्या हाताची मूठ चादरीवर दाबली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "करेक्ट." डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. पुढचे पाच आठवडे आप्पांकडे तो एकच शब्द होता.

मी नांदेडला एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. आलेली बातमी तपासायची, मग पानावर सोडायची, हे माझं काम. तरी या पाच आठवड्यांत माझ्या हातून आणि धाकट्या भावाच्या हातून एक चूक झाली. ती इतर कोणाकडून झाली असती तर समजण्यासारखी होती.

आप्पांचा धंदा आधी सांगायला हवा. मुरुडला आमच्या घराच्या पुढच्या भागात त्यांचं दुकान आहे. तराजू आणि वजनं दुरुस्त करण्याचा परवाना त्यांच्याकडे गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं आहे. गावात त्यांना काटेवाले आप्पा म्हणतात. किराणा, भुसार, सराफ, भाजीवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येत. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं की शिसं वाढवायचं, जास्त झालं की कोरायचं. सरकारी शिक्का त्या शिशावरच पडतो. आप्पांचे उस्ताद काटा जुळला की 'बराबर' म्हणत. वजनमाप खात्याचे साहेब मात्र तपासणी झाली की 'करेक्ट' म्हणत, आणि मगच शिक्का पडे. आप्पांनी उस्तादांचा शब्द सोडला आणि साहेबांचा घेतला. शिक्क्याच्या आधीचा शब्द म्हणून त्यांच्या मनात त्याचं वजन जास्त असावं.

घरात तो शब्द सगळीकडे वापरला जाई. आईनं केलेली भाजी 'चांगली' असे. तिच्यातलं मीठ 'करेक्ट' असे. माझं गणित करेक्ट, खिडकीची झडप बसली की करेक्ट. मला बघायला आलेला मुलगा रेल्वेच्या विभागीय कार्यालयात नोकरीला होता. तो उठून गेल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, आणि माझं लग्न ठरलं. हे कौतुक नव्हतं. काम संपलं, आता हात लावायची गरज नाही, इतकाच त्याचा अर्थ.

माझ्या कामात तोच शब्द निराळा निघाला. देगलूरचे आमचे वार्ताहर, मी फोनवर बातमी वाचून दाखवली की, प्रत्येक वाक्याला करेक्ट म्हणतात. सुरुवातीच्या काळात मी त्यांना एका अपघाताची बातमी वाचून दाखवली. "चार जखमी ना?" त्यांनी करेक्ट म्हटलं. पान सुटायच्या आत त्यांचाच फोन आला, जखमी दोन आहेत. मघाशी काय म्हणालात, असं विचारल्यावर ते म्हणाले, "म्हटलं ना मॅडम, ऐकून राहिलो मी." त्यांचं करेक्ट म्हणजे हुंकार होता. तेव्हापासून डेस्कवर मी एक नियम पाळते. चार जखमी ना, असं विचारायचं नाही. जखमी किती, असं विचारायचं. ज्या प्रश्नाला करेक्ट हे उत्तर चालतच नाही, तो प्रश्न विचारायचा.

भाऊ लातूरला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. त्याच्या जगात करेक्ट मोजता येतो. किती करेक्ट, किती राँग, किती सोडले. उत्तरपत्रिकेवरचा गोल एकदा काळा केला की बदलता येत नाही, हे तो मुलांना रोज सांगतो. हळूहळू ते त्याच्या स्वभावातही उतरलं आहे.

आता चुकीकडे येते. आई चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर आप्पा मुरुडला एकटे राहत होते. दवाखान्यातून सोडायच्या आदल्या दिवशी प्रश्न उभा राहिला की ते आता राहणार कुठे. उजवा हात आणि उजवा पाय लुळा होता. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. आमचं नांदेडचं घर तळमजल्यावर. तीन आठवडे व्यायामासाठी भावाकडे, मग कायमचं नांदेड, असं आम्ही दोघांनी दवाखान्याच्या जिन्यात ठरवलं. मग भाऊ खाटेजवळ गेला आणि वाकून म्हणाला, "आप्पा, आता अक्काकडं नांदेडला राहायचं ना? दुकान बंद करू. चालंल ना?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. "करेक्ट."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुपारी त्यानं लातूरच्या एका काटे दुरुस्त करणाऱ्याला फोन करून मुरुडची हत्यारं, वजनं आणि दुकानातलं सामान घेऊन जायला सांगितलं. तीन आठवड्यांनंतरचा सोमवार ठरला.

त्या तीन आठवड्यांत आप्पांना एक स्पीच थेरपिस्ट शिकवायला येत होती. वयानं माझ्या मुलीएवढी असेल. चित्रांचे पत्ते घेऊन यायची. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला बसवून सांगितलं की आप्पांना समजतं बरंच, पण हवा तो शब्द बाहेर आणता येत नाही. जो शब्द येतो तो ते निवडत नाहीत. तोंड उघडलं की तोच येतो. म्हणून ज्याचं उत्तर हो किंवा नाही असेल असा प्रश्न विचारू नका. ही सूचना मी वहीत लिहून घेतली. पुढच्या प्रश्नांना ती लावली. आधीच मिळालेल्या उत्तराला लावून पाहिली नाही.

आप्पा त्या दिवसांत शांत होते. सकाळी अंघोळीनंतर गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसत. लिंग डाव्याच हातावर घ्यायचं असतं आणि तो हात शाबूत होता. विभूती सून लावून देई. जेवण अर्धं टाकत. दुकानाचा विषय निघाला की डोळे मिटून घेत. थकवा असेल, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

ठरलेल्या सोमवारच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गाडी करून मुरुडला गेलो. कपडे, कागदपत्रं आणि आईचा फोटो घ्यायचा होता. भावानं शटर वर केलं. आप्पांना धरून दुकानातल्या बाकावर बसवलं. समोर बैठे तराजू, दांड्या, पारड्यांच्या साखळ्या, लाकडी पेटीतली तपासणीची पितळी वजनं. पाच-सहा आठवड्यांची धूळ होती. आप्पांनी डाव्या हाताच्या बोटानं पेटीवर एक रेघ ओढली आणि बोट सदऱ्याला पुसलं.

समोरच्या किराणा दुकानाचे काका आले. ते आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघांचं भांडण चाळीस वर्षं एकाच गोष्टीवरून चालत आलेलं. आप्पा म्हणत, याचा काटा चोर आहे. काका म्हणत, आप्पाची नजर तिरकी आहे.

काका बाकावर टेकले. "काय आप्पा, बरं हाय का आता?"

"करेक्ट."

"लई दिवस फुकट आराम केलास."

"करेक्ट."

आप्पांच्या एका शब्दाची आणि नांदेडला जायचं ठरल्याची गोष्ट त्यांना गावात कळली होती. ते हसले आणि म्हणाले की आयुष्यभर याच्यापुढं बोलायची सोय नव्हती, आता सगळं वसूल करून घेतो. मग त्यांनी विचारलं, "माझा काटा खोटा हाय म्हणायचास. हाय का खोटा?"

"करेक्ट."

"अन् खरा हाय म्हटलं तर?"

"करेक्ट."

काकांनी मांडीवर थाप मारली. आप्पाही एका बाजूनं हसले. भाऊ आत कपाट उघडून कागद काढत होता, त्यालाही हसू आलं. हसता हसता काका मध्येच थांबले. त्यांनी आप्पांकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"पोरी, याला तुम्ही नांदेडचं विचारलाव ते कसं विचारलाव?"

मी सांगितलं.

"पारडं बदलून विचारलाव का?"

याचा अर्थ मुरुडच्या बाजारात कोणालाही सांगावा लागत नाही. रिकामा काटा सरळ उभा राहिला म्हणून तो खरा ठरत नाही. दांडीची एक बाजू केसभर लांब असेल तर पारडं जड-हलकं करून ती चोरी झाकता येते. म्हणून आप्पा काटा तपासताना डाव्या पारड्यात डाळ आणि उजव्यात वजन ठेवत, दांडी समपातळीला आणत, आणि मग दोन्हींची जागा बदलत. डाळ उजवीकडे, वजन डावीकडे. तरीही काटा मध्यावर राहिला तरच त्यांच्या तोंडून शब्द निघे. लहानपणी ही अदलाबदल आम्ही दोघांनी हजार वेळा पाहिली होती.

मी आप्पांसमोर बसले. "आप्पा, नांदेडला राहायला जायचं?"

"करेक्ट."

"आप्पा, इथंच मुरुडला राहायचं?"

"करेक्ट."

दोन्ही वेळा आवाज तोच होता. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी बाकावर डावी मूठ आपटली. भाऊ कपाटापाशीच थांबला.

मी त्याला म्हणाले की आपल्याकडे आप्पांचा होकार नाही. कधीच नव्हता. तो चिडला, आणि त्याच्या चिडण्यात तथ्य होतं. उद्या माणूस सामान न्यायला येणार होता. नांदेडला खाट आणून ठेवली होती. आप्पा इथे एकटे राहिले आणि रात्री-बेरात्री पडले तर उचलणार कोण, हा प्रश्न त्यानं तीनदा विचारला. 

"एकदा ठरलं की ठरलं, अक्का. आता गोल खोडायला लागलो तर संपणार न्हाई."

"तो गोल आपण काळा केला. आप्पांनी न्हाई केला."

 मी थेरपिस्टला फोन लावला. रविवार होता, तरी तिनं उचलला. झालं ते ऐकून घेतलं आणि सांगितलं की शब्दांनी विचारू नका, दोन वस्तू समोर ठेवा आणि त्यांना हात लावू द्या. पुढची गोष्ट तिनं दोनदा सांगितली. अशा आजारात कधी कधी उजव्या बाजूला असलेल्या गोष्टीकडे लक्ष कमी जातं. डावीकडचं म्हणूनही ते डावीकडचं उचलतील. तेव्हा वस्तूंच्या जागा बदलून परत विचारा.

फोन स्पीकरवर होता. भावानं ते ऐकलं आणि हातातले कागद खाली ठेवले. ही पद्धत तो वर्गात तराजूच्या धड्याला शिकवतो, आणि मुलांना सांगतो की ती माझ्या वडिलांची आहे. "मांड," तो मला म्हणाला.

मुरुडच्या शटरची किल्ली त्याच्या खिशात होती. नांदेडच्या घराची माझ्या पर्समध्ये. लाकडी पेटीवरची धूळ पुसून मी दोन्ही किल्ल्या आप्पांसमोर तिच्यावर ठेवल्या, मुरुडची डावीकडे. सावकाश सांगितलं की ही इथली, ही आमच्या घरची. तुम्हाला कुठं राहायचंय. आप्पांनी डावीकडच्या किल्लीवर हात ठेवला.

भावानं जागा बदलल्या. आता डावीकडे नांदेड होतं. आप्पांचा हात त्या किल्लीच्या वर आला आणि तिथे थांबला. मला तो वेळ बराच वाटला. प्रत्यक्षात काही क्षणच गेले असतील. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली. हात नांदेडच्या किल्लीवरून पलीकडे गेला आणि मुरुडच्या किल्लीवर पडला.

"करेक्ट," ते म्हणाले.

भाऊ म्हणाला, अजून एकदा. दोनदा जुळणं हा योगायोगही असू शकतो. त्यानं पुन्हा जागा बदलल्या. या वेळी आप्पांनी मुरुडच्या किल्लीला हात लावलाच नाही. त्यांनी नांदेडची किल्ली बोटांनी ढकलली. ती पेटीवरून घसरली आणि माझ्या पायाशी पडली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ओठ दोन-तीन वेळा जुळले आणि सुटले.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

शब्द जड आला, पण पूर्ण आला. भावानं माझ्याकडे पाहिलं, मी ऐकला की नाही ते तपासायला. काका उठून समोर गेले आणि चहा सांगून आले. 

इच्छा कळली म्हणजे सोय झाली असं नाही. ती व्हायला पुढे अकरा दिवस लागले. तेवढे दिवस मी रजा टाकून मुरुडला राहिले. दुकानामागच्या खोलीत खाट हलवली. न्हाणीत आणि दारात धरायला लोखंडी दांडे बसवले. गल्लीतल्या एका बाई दोन वेळचं जेवण करायला आणि दुपारी थांबायला तयार झाल्या. काकांचा थोरला मुलगा रात्री दुकानात झोपायला येऊ लागला; घरी पोरं अभ्यास करू देत नाहीत, असं त्यानं स्वतःच कारण दिलं. त्याचा कसला अभ्यास, हे आम्ही विचारलं नाही. भाऊ बुधवारी आणि रविवारी येतो. थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा मोबाइलवर शिकवते, आणि महिन्यातून एकदा भाऊ आप्पांना तिच्याकडे लातूरला नेतो.

लातूरच्या काटेवाल्याला भावानं सामान देणार नाही असं कळवलं होतं. तरी तो दोन दिवसांनी आला. त्याच्या हातात दोन इलेक्ट्रॉनिक काटे होते. आप्पांकडून एकदा बघून घ्यावेत, इतकंच तो म्हणाला. मला वाटतं, तो आप्पांनाच बघायला आला होता. आप्पांनी एक काटा समोर घेतला, पितळी वजन डाव्या हातानं प्लेटच्या मध्यभागी ठेवलं, मग चारी कोपऱ्यांवर एकेकदा. तिसऱ्या कोपऱ्यावर आकडा किंचित हलला. मला तो दिसलाही नाही.

"न्हाई."

काटेवाल्यानं प्लेट काढून खालचा स्क्रू फिरवला. आप्पांनी चारी कोपरे परत तपासले. तिसऱ्याच कोपऱ्यावर पुन्हा न्हाई. तो पुन्हा खाली वाकला. चौथ्या वेळी आप्पा म्हणाले, "करेक्ट." काटेवाल्यानं विचारलं, नक्की ना आप्पा, आणि आप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो हसला आणि काटा पिशवीत घालू लागला. त्या दिवसापासून आप्पांचं करेक्ट पुन्हा वापरता येऊ लागलं. ते आता नाकारूही शकत होते, त्यामुळे त्यांच्या मान्यतेला पुन्हा अर्थ आला होता.

न्हाई त्यांनी पुढे भरपूर वापरला. बाईंच्या आमटीला न्हाई, व्यायामाला न्हाई, काकांच्या प्रत्येक वाक्याला न्हाई. काका तक्रार करतात की पहिलाच बरा होता, निदान सगळ्याला मान डोलवायचा. मग 'पाणी' आला, 'बस' आला. पावसाळ्याच्या शेवटी 'कशाला' आला, आणि तो आल्यावर भाऊ मला फोनवर म्हणाला की आता आप्पा जवळजवळ पूर्ण झाले. मध्ये एकदा ते न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही. भावानं मला दोष दिला नाही, पण त्या आठवड्यात तो रोज मुरुडला गेला. त्याची भीती खोटी नव्हती आणि अजूनही नाही. ती धरूनच आम्ही हे चालवतो.

आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात. आप्पा तपासतात, हत्यार लातूरचा काटेवाला चालवतो. तो दर शुक्रवारी येतो. उजव्या हाताची दोन बोटं आता थोडी वळतात. त्यांत ते वजन धरून बघतात, मग सोडून देतात आणि डाव्या हातात घेतात.

दिवाळीच्या आधी मी मुरुडला गेले होते. आमच्याकडे नांदेडला किती दिवस याल, असं आप्पांना विचारलं. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. मी मान हलवली आणि मोबाइलवर परतीची गाडी शोधू लागले. त्यांनी माझ्या मनगटावर टकटक केलं. मी वर पाहिलं तर तिसरं बोट उघडलेलं होतं.